गोव्याची वाट आणि बंदचे दिवस

मार्गशीर्ष लागला कीं आमच्या होटगींत दोन प्रश्न हटकून कानांवर येतात. यंदां ज्वारी कशी आहे, हा पहिला. आणि नाताळच्या सुटींत गोव्यास जावें कीं नाहीं, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर देणारे गांवांत पुष्कळ आहेत. दुसरा मात्र अलीकडे माझ्याकडे येऊं लागला आहे. आमचें कुलदैवत गोव्यांत असल्यामुळें त्या वाटेनें माझें जाणेंयेणें झालेलें आहे, आणि एकदां अर्ध्या वाटेवरून परत फिरण्याचा प्रसंगहि मजवर आलेला आहे. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढें बहुधा वर्तमानपत्रांतील एखादें छायाचित्र असतें: रस्त्यावर जळणारे टायर, फुटलेली मोटारीची काच, हातांत झेंडे घेतलेलीं तरुण माणसें. “गुरुजी, मुलांना घेऊन समुद्रावर जायचें आहे. तिकडे दंगा तर नाहीं ना?”

त्यास मी सांगतों कीं दंगा सहसा समुद्रावर नसतो, तो वाटेवर असतो. कोलव्याची किंवा मिरामारची वाळू शांत असते, खोली आगाऊ ठरलेली असते, परंतु होटगी आणि ती वाळू यांच्यामध्यें एक अख्खें राज्य पडलें आहे, ही गोष्ट निघतेवेळीं कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

ही वाट आमच्या गांवास जुनी आहे. गेल्या शतकाच्याहि मागल्या शतकांत सदर्न मराठा रेल्वेनें होटगीहून विजापूर, बागलकोट, गदग असा अरुंद रुळांचा फांटा नेला आणि आमचें लहानसें गांव जंक्शन झालें. पुढें हुबळी, लोंढा, कॅसलरॉक करीत तीच वाट मुरगांव बंदरास जाऊन मिळे. माझे वडील सांगत कीं कॅसलरॉकास गाडी थांबली म्हणजे डब्यांत एकाएकीं शांतता पसरे. इकडे इंग्रजांची जकात, पलीकडे घाट उतरल्यावर कुळें स्टेशनांत पोर्तुगीजांची झडती. लाडवांचा डबासुद्धां उघडून दाखवावा लागे. दूधसागरचा धबधबा मधल्यामध्यें येई, पण सामानाच्या काळजीनें पुष्कळांचें त्याकडे लक्षहि नसे. १९५५ च्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दींत शिरले, पोर्तुगिजांनीं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, वीसांहून अधिक माणसें पडलीं. पनवेलचे हिरवे गुरुजी त्याच दिवशीं गेले. त्यानंतर हिंदुस्थान सरकारनें सरहद्द बंद केली, आगगाडीहि थांबली. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त होईपर्यंत आमच्या घराण्यांतील कोणालाहि देवीचें दर्शन घडलें नाहीं. थोरल्या काकांची मुंज झाली तेव्हां कुलदेवतेची ओटी घरांतच पाटावर भरली होती, ती पुढें कितीतरी वर्षें एका पितळी डब्यांत जपून ठेविलेली होती, असें आजी सांगे.

तेव्हां वाट बंद होणें हें नवीन नाहीं. नवीन इतकेंच कीं पूर्वीं ती दोन सरकारांच्या हुकुमानें बंद होत असे आणि आतां एखाद्या दुपारीं चौकांत जमलेल्या शेंदीडशें माणसांच्या मर्जीनें बंद होते.

याचें कारण आमच्या गांवाइतकें कोणास ठाऊक असणार? होटगींत घरोघर दोन भाषा चालतात. बाजारांत भाव कन्नडांत ठरतो आणि उधारीची वही मराठींत लिहिली जाते. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची नवी मांडणी झाली आणि बेळगांव, निपाणी, कारवार हा मुलूख म्हैसूर राज्यांत, म्हणजे सांप्रतच्या कर्नाटकांत गेला. १९६६ सालीं महाजन आयोग नेमला गेला. त्यानें १९६७ त दिलेल्या अहवालांत बेळगांव तिकडेच ठेविलें, आणि इकडचा अक्कलकोट तालुका व दक्षिण सोलापुरांतील कांहीं खेडीं तिकडे देण्याची शिफारस केली. महाराष्ट्रानें अहवाल मानला नाहीं. २००४ सालीं वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला आणि तेथेंच आहे. वाद न्यायालयांत असला तरी त्याची ठिणगी पडते ती रस्त्यावर. २०२२ च्या नोव्हेंबरांत कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनीं सोलापूर-अक्कलकोटावर हक्क सांगितला, तेव्हां आमच्या पारावर लोक हंसले. दोन आठवड्यांनीं ते हंसत नव्हते.

त्या दोन आठवड्यांनंतरचाच माझा प्रसंग आहे.

धाकट्या नातवाची मुंज झाली होती. कुलदेवतेचें दर्शन राहिलें होतें, आणि मुलांना समुद्र पाहावयाचा होता. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशीं, म्हणजे ६ डिसेंबर २०२२ रोजीं, पहाटे आम्हीं सात जण निघालों. मोटार भाड्याची होती. ती हांकणारा तरुण आमच्याच गांवचा, घरीं कन्नड बोलणारा, माझ्या हाताखालीं चौथीपर्यंत शिकलेला. गाडीच्या पाटीवर अर्थातच सोलापूरचें एम्.एच्. १३. वाट विजापूर, बागलकोट, लोकापूर, बेळगांव, आणि तेथून चोर्ला घाटानें गोवा, अशी ठरली होती. चिरंजीवांनीं मोबाईलवर नकाशा काढून दाखविला. रस्ता आरंभापासून शेवटपर्यंत निळा. “बाबा, कोठेंहि गर्दी नाहीं.”

या नकाशाविषयीं येथेंच सांगून टाकतों. त्यांत वाहनें किती हळूं चालतात हें दिसतें. तीं कां चालत नाहींत हें दिसत नाहीं. ज्या रस्त्यावरून लोकांनीं भीतीनें जाणेंच सोडलें आहे तोहि त्यांत मोकळाच दिसतो.

लोकापुराच्या अलीकडे एका खाणावळींत आम्हीं जेवावयास थांबलों. लिंगायत कुटुंबाची खाणावळ; ज्वारीची पातळ भाकरी, शेंगाचटणी, एणगाई. जेवतांना ड्रायव्हरच्या मोबाईलवर चलच्चित्र आलें. बेळगांवजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडत होते, पाट्यांना काळें फासलें जात होतें. थोड्या वेळानें दुसरी वार्ता आली कीं पुण्यांत कर्नाटकाच्या बसगाड्यांना तसाच रंग फासला गेला. आमची वाट त्या नाक्यावरून जाणार नव्हती. परंतु बेळगांव कांहीं चुकणार नव्हतें.

आतां जें झालें तें सांगतांना मला संकोच वाटतो. चिरंजीवांचें मत पुढें जावें असें. आणि माझेंहि मन पुढेंच ओढत होतें. खोल्यांचे पैसे भरलेले होते, पूजा गुरवारची ठरली होती, गुरुजींना कळविलें होतें. मीं मनाशीं हिशेब केला कीं आम्हीं म्हातारींकोतारीं आणि पोरें. आम्हांस कोण काय करणार? ड्रायव्हरहि म्हणाला, “गुरुजी, मला कन्नड येतें. मी बोलेन. जाऊं.” त्यावर आमच्या वहिनी, ज्या एरवीं प्रवासांत तोंडहि उघडीत नाहींत, हात धुतां धुतां म्हणाल्या, “आपण मागें बसूं. दगड आला तर पुढली काच कोणाच्या तोंडावर फुटेल? आणि हा निघाला आहे तें त्याच्या आईस ठाऊक आहे का?”

कोणी कांहीं बोललें नाहीं. तरुणानें मान खालीं घातली. त्यानें घरीं पंढरपूरचें भाडें म्हणून सांगितलें होतें, हें मग कळलें. गाडीचे हप्ते चालू होते. एक मोठें भाडें हातचें गेलें तर त्या महिन्याचा हप्ता चुकला असता. पुढें जाण्याची त्याची तयारी होती ती धैर्याची नव्हती, गरजेची होती, आणि मी त्या गरजेच्या मागें बसून देवीस निघालों होतों.

खाणावळीच्या मालकांनीं बायकामुलांस घरांत नेऊन निजविलें. “अव्वा, ऊन उतरल्यावर जा” असें वहिनींना सांगितलें, आणि गाडी रस्त्यावरून काढून मागच्या अंगणांत कडब्याच्या गंजीआड लावावयास लाविली. त्यांनीं घेतले ते केवळ जेवणाचे पैसे. संध्याकाळीं आम्हीं विजापूरच्या वाटेनें उलट फिरलों आणि रात्रीं होटगीस पोंचलों. ड्रायव्हरास ठरलेलें भाडें पुरतें दिलें. चिरंजीवांनीं कुरकुर केली नाहीं, हें त्यांच्याविषयीं सांगितलें पाहिजे.

तेव्हांपासून मी अशा बातम्या निराळ्या दृष्टीनें वाचूं लागलों. मार कोणास बसतो? २०२३ च्या ३० ऑक्टोबरला, मराठा आरक्षणाच्या चळवळींत, उमरग्याजवळ कर्नाटकाची बस जाळली गेली. त्यापूर्वीं उतारूंना खालीं उतरविलें होतें. २०२५ च्या २१ फेब्रुवारीस बेळगांवजवळ भाषेच्या वादावरून कर्नाटकाच्या बसच्या वाहकास मारहाण झाली. त्याच रात्रीं चित्रदुर्गाजवळ महाराष्ट्राच्या बसच्या चालकास काळें फासलें. दुसऱ्या दिवशीं महाराष्ट्रानें कर्नाटकांत जाणाऱ्या बसगाड्या थांबविल्या. इकडची असो कीं तिकडची असो, उतारू बहुधा सामानासह रस्त्यावर उभा राहतो, आणि खाकी सदऱ्यांतला नोकर, ज्याला सीमावादाशीं कांहीं देणेंघेणें नाहीं, तो सांपडतो. कुटुंबाच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्या सुशिक्षित घरांनीं मोटार हांकणारास त्या कुटुंबांत धरावें, एवढेंच माझें या बाबतींत मुख्य सांगणें आहे. भाडें ठरवितांनाच त्यास सांगावें कीं मध्यें परतावें लागलें तरी तुझे पैसे बुडणार नाहींत. मग तो खरी बातमी सांगतो. नाहीं तर आपल्याला हवी तीच सांगतो.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी.

बंद आणि दंगा यांत भेद आहे. बंद सांगून येतो. २०२५ च्या २२ मार्चला कर्नाटकांतील संघटनांनीं वरच्याच प्रकरणावरून बंद पुकारला, तो सकाळीं सहापासून संध्याकाळीं सहापर्यंत, आणि कित्येक दिवस आधीं जाहीर करून. म्हादईच्या पाण्यासाठीं २०१८ च्या २५ जानेवारीस झालेला कर्नाटक बंदहि असाच पूर्वसूचनेचा होता. म्हादईचा तंटा आमच्या वाटेवरचाच. चोर्ला घाटाच्या माथ्यावरील कणकुंबी हें त्याचें मूळ ठिकाण. अशा दिवशीं फक्त घरीं राहावयाचें, किंवा जेथें असूं तेथेंच एक दिवस अधिक राहावयाचें. जुन्या काळीं मुहूर्तावर ‘प्रस्थान’ ठेवीत. पिशवी शेजाऱ्याच्या घरीं नेऊन ठेवावयाची आणि आपण सवडीनें दोन दिवसांनीं निघावयाचें. तरुण मंडळी त्यास हंसतात. परंतु निघण्याचा निश्चय आणि प्रत्यक्ष निघणें यांत दोन दिवसांचें अंतर ठेवून त्यांत वाटेवरच्या गांवांतून बातमी आणविणें, यांत हंसण्यासारखें काय आहे? विजापुरास, बेळगांवास कोणी ओळखीचें असेल तर त्यास एक फोन करावा. वृत्तवाहिनीवर तेंच जळकें टायर दिवसभर फिरत असतें. तें सकाळचें कीं कालचें, हें कळावयास मार्ग नसतो.

दंगा मात्र सांगून येत नाहीं. त्यास उपाय एकच, मागें फिरणें. आणि मागें फिरावयाचें तर तें पुढचा चौक दिसण्यापूर्वीं. जमाव दिसल्यावर गाडी वळविणें हें पळणें दिसतें, आणि पळणाराच्या मागें माणसें धांवतात. जमावांत सांपडलेंच तर काचा अर्ध्या उघड्या ठेवून, हात दिसतील असे ठेवून, जो पुढारी दिसेल त्याच्याशीं नम्रतेनें बोलावें. मोबाईलनें चित्रें घेऊं नयेत. चार शब्द कन्नडाचे येत असतील तर बोलावेत. येत नसतील तर मराठींत नमस्कार करावा, तोहि कळतो. पोलिसांची मदत ११२ वर मिळते, आगगाडीची विचारपूस १३९ वर होते. जमावबंदीचा हुकूम पूर्वीं १४४ कलमाखालीं निघे, तो १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १६३ व्या कलमाखालीं निघतो. त्याची बातमी वाचली कीं तें शहर टाळावें. औषधें ठरल्या दिवसांपेक्षां चार दिवसांचीं अधिक घ्यावींत. रोख रक्कम जवळ असावी, कारण अशा वेळीं इंटरनेट बंद झालें कीं मोबाईलवरचे पैसे तेथेंच राहतात. मोटारीचा विमा संपूर्ण आहे कीं नुसता तिऱ्हाइताचा, हें गाडी भाड्यानें घेतांना विचारावें. दगडानें फुटलेली काच दुसऱ्या प्रकारांत भरून मिळत नाहीं, आणि ती मग त्या गरिबाच्या खिशांतून जाते.

आगगाडीचें काय? बसगाड्यांचा तंटा दोन राज्यांचा असतो. रेल्वे त्यांत पक्ष नसते. होटगीहून गदग-हुबळीची वाट आतां रुंद रुळांची झाली आहे, हुबळीस गाडी बदलून लोंढ्यावरून मडगांव गांठतां येतें. म्हाताऱ्यांसाठीं आणि पोरांसाठीं मी हीच वाट सांगतों. अर्थात् रूळहि अडविले जातात. २०२० च्या १ नोव्हेंबरच्या रात्रीं चांदोरच्या लोकांनीं याच मार्गाच्या दुपदरीकरणास विरोध म्हणून रुळांपाशीं हजारोंच्या संख्येनें ठाण मांडलें होतें. परंतु अडलेली गाडी बहुधा स्टेशनांत उभी राहते. तेथें दिवा असतो, पाणी असतें, स्टेशनमास्तर असतो. मोटारींत यांतलें कांहीं नसतें.

समुद्रकांठीं पोंचल्यावरहि सर्वच निर्वेध असतें असें नाहीं. १९८६ च्या डिसेंबरांत कोंकणी राजभाषा व्हावी म्हणून चळवळ पेटली, तेव्हां साष्टी तालुक्यांत झाडें पाडून रस्ते अडविले गेले, प्राणहानीहि झाली. पुढें ४ फेब्रुवारी १९८७ रोजीं राजभाषेचा कायदा झाला आणि ३० मे रोजीं गोवा स्वतंत्र राज्य झालें. इतका उग्र प्रसंग पुन्हां आलेला नाहीं. अलीकडे अडचण होते ती टॅक्सीवाल्यांच्या संपाची. २०१८ च्या जानेवारींत वेगनियंत्रक यंत्रें बसविण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांनीं गाड्या बंद ठेविल्या आणि प्रवासी मंडळी बोचकीं घेऊन विमानतळावर खोळंबलीं. त्यावर उपाय सोपा आहे. खोली अशा ठिकाणीं घ्यावी कीं जेथून बसचा थांबा पायीं गांठतां येईल. मडगांवापासून कोलवें अवघें सहा किलोमीटर आहे. आमच्या तरुणपणीं एवढ्या अंतरास कोणी वाहन शोधीत नसे.

आणि वाट बदलण्याची लाज वाटत असेल तर एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गोव्यांतील देवांनींहि वाट बदललेली आहे. सोळाव्या शतकांत पोर्तुगिजांनीं देवळें पाडण्यास आरंभ केला तेव्हां कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून फोंडे महालांत आला, शंखवाळीची विजयादुर्गा केरीस आली. भक्तांनीं रात्रींच्या रात्रीं देव उचलले आणि जेथें राज्य निराळें होतें तेथें नेले. अडून बसले असते तर आज आम्हीं ओटी कोणाची भरली असती?

माघांत आम्हीं पुन्हां निघालों. तोच ड्रायव्हर, तीच गाडी. या खेपेस त्याच्या आईस मी स्वतः जाऊन सांगितलें. वाट मात्र महाराष्ट्रांतलीच घेतली: मंगळवेढें, सांगोलें, मिरज, कोल्हापूर. तेथें एक मुक्काम करून अंबाबाईचें दर्शन घेतलें आणि राधानगरीवरून फोंडा घाटानें कणकवलीस उतरलों. वाट लांब पडते, खर्चहि वाढतो. पण वहिनींनीं गाडींत झोंप घेतली, यावरून काय तें समजावें.

बांदें सोडल्यावर पत्रादेवीस हुतात्म्यांचें स्मारक आहे. गाडी थांबवून मुलांना खालीं उतरविलें. धाकट्यानें विचारलें, “यांची गाडी अडविली होती का?” मी म्हटलें, ते चालत आले होते. त्यानें आणखी विचारलें, “मग परत कां नाहीं गेले?” त्याचें उत्तर मला तेथें देतां आलें नाहीं. आम्हीं निघालों होतों ते फिरावयास, आणि ते निघाले होते ते निराळ्या कामासाठीं, हें आठ वर्षांच्या मुलास कसें सांगावें, याचा विचार मी केरीपर्यंत करीत होतों.

देवीची पूजा झाली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं कोलव्यास गेलों. मुलें पाण्यांत धांवलीं, चिरंजीव त्यांच्यामागें. ड्रायव्हर गाडीपाशींच उभा होता. त्यास हांक मारून आणलें. समुद्र त्यानें पूर्वीं पाहिला नव्हता. घोट्याइतक्या पाण्यांत जाऊन तो पुष्कळ वेळ नुसता उभा राहिला. मग त्यानें मोबाईल काढून आईस फोन लाविला, कन्नडांत दोन शब्द बोलला, आणि तिकडे आवाज ऐकूं जावा म्हणून फोन हातभर लांब, लाटांकडे धरून उभा राहिला.